तीसेक शाखांचे राउटर आणि एकटा माणूस : कॉन्फिग ऑटोमेशन कुठून सुरू करू?

अंत्रुजी, फोंडा

नमस्कार मंडळी.

एका क्रेडिट सोसायटीचं नेटवर्क बघतो. मुख्य कार्यालय फोंड्याला, शाखा पेडण्यापासून काणकोणपर्यंत, शिवाय वाळपई, सांगे, मोले. राउटर म्हणजे मोठ्या शाखांत सिस्कोचे जुने १९४१, दोन-चार ठिकाणी नवे ११०० सिरीजचे, आणि छोट्या शाखांत मायक्रोटिकचे हेक्स. प्रत्येक ठिकाणी एक फायबर आणि अडीअडचणीला ४जी.

कामाची पद्धत म्हणजे एक्सेल उघडायची, पुटी (राउटरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) उघडायचं आणि पहिल्या शाखेपासून खाली उतरत जायचं. पासवर्ड बदलायचा झाला तरी आठवडा जातो, आणि तळाशी पोचेपर्यंत वरच्या शाखेत काय टाईप केलं होतं ते आठवत नाही.

आता ऑडिटर मागे लागलेत. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश दाखवतात : सगळ्यांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस हवेत. "सगळ्या शाखांत आहे ना? मग दाखवा." काय दाखवू? एक्सेलमध्ये हिरव्या रंगात 'झाले' लिहिलंय. त्या 'झाले'वर माझाच भरवसा नाही. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांचा माणूस शाखेत जातो, काहीतरी फिरवतो आणि मला फोनसुद्धा करत नाही. केप्याच्या राउटरवर एक पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत यायला उघडलेली वाट) सापडला. कुणी घातला, कधी, कशाला, कुणालाच पत्ता नाही.

अन्सिबल (अनेक यंत्रांवर एका जागेवरून बदल पाठवणारं सॉफ्टवेअर) शिकू, की पायथनमध्ये स्वतः लिहू, की काही विकत मिळतं ते घेऊ? पायथन थोडं येतं, लिनक्स बऱ्यापैकी चालवतो. बजेटचं म्हणाल तर साहेबांनी विषय ऐकून चहा पाजला, तेवढंच.

भीती एकच. इथून एक वाकडी ओळ गेली आणि वाळपईची शाखा बंद पडली, तर भर पावसात गाडी काढून मलाच जायचं आहे.

बार्देशी_पॅकेट, म्हापसा

अंत्रुजीबाब, अन्सिबल की पायथन हे आत्ता बाजूला ठेवा. खरा रोग केप्याच्या त्या पोर्ट फॉरवर्डमध्ये आहे : राउटरवर आज काय आहे तेच कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक नसताना तीस ठिकाणी एकदम लिहायला गेलात तर गोंधळ तोच राहील, फक्त झटपट होईल.

म्हणून पहिला महिनाभर राउटरवर एक अक्षर लिहायचं नाही. नुसतं वाचायचं. ऑक्सिडाइज्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रूबीत लिहिलेलं. पूर्वी सगळे रॅन्सिड वापरायचे, त्याच्या जागी हे आलं. कार्यालयात कुठलातरी जुना पीसी धूळ खात पडला असेल, त्यावर डेबियन टाका आणि हे चढवा. एका साध्या फाईलमध्ये राउटरचं नाव, आयपी आणि जात लिहायची. ते दर तासाला प्रत्येक राउटरवर एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन) जातं, कॉन्फिग (राउटरवरची सगळी सेटिंग्ज) उचलतं, आणि फरक पडला असेल तरच गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारी पेटी) नोंद करतं. सिस्को आणि मायक्रोटिक दोन्ही त्याला कळतात.

स्वतःची स्क्रिप्ट लिहून हेच करता येतं, पण मग एक गंमत होते. मायक्रोटिकच्या एक्स्पोर्टच्या (कॉन्फिगची लिखित प्रत) पहिल्या ओळीत त्या क्षणाची तारीख-वेळ असते. सिस्कोवर 'लास्ट कॉन्फिगरेशन चेंज'ची ओळ असते, आणि जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या राउटरचं सॉफ्टवेअर) 'एनटीपी क्लॉक-पीरियड' म्हणून एक आकडा असतो जो राउटर आपल्या मनाने बदलत राहतो. म्हणजे तुमची स्क्रिप्ट रोज सकाळी ओरडणार, "तीस शाखांत बदल झाला!" चार दिवस बघाल, पाचव्या दिवसापासून ते मेल उघडणार नाही, आणि नेमका त्याच दिवशी कंत्राटदाराचा माणूस काहीतरी घालून जाईल. ऑक्सिडाइज्ड असल्या ओळी गाळून मग ताडून बघतं. मी त्याची शिफारस मुख्यतः याच्यासाठी करतो.

ती गिटची पेटी मात्र कार्यालयाबाहेर जाता कामा नये. कॉन्फिगमध्ये पासवर्डही असतात, आणि सिस्कोचा 'टाईप ७' पासवर्ड उलटा करून वाचणं पोरासोरांचं काम आहे. गुप्त ओळी झाकायची सोय ऑक्सिडाइज्डमध्ये आहे, ती चालू करा.

महिनाभराने तुमच्या हातात खरं चित्र येईल. मग एक तक्ता करा, शाखेगणिक जे वेगळं तेवढंच त्यात : शाखेचं नाव, आतला सबनेट (शाखेतल्या यंत्रांच्या पत्त्यांचा पट्टा), बाहेरचा आयपी, सर्किट नंबर, ४जीचा नंबर, राउटरचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. बाकी जे सगळीकडे सारखं असायला हवं ते जिंजा टेंप्लेटमध्ये (रिकाम्या जागा भरायचा साचा). लोक सांगतील नेटबॉक्स (नेटवर्कची नोंदवही ठेवणारं सॉफ्टवेअर) चढवा. चांगलं आहे, पण तीस शाखांना सीएसव्ही पुरते. उगाच आणखी एक सर्व्हर सांभाळत बसू नका, तुम्ही एकटे आहात.

आवृत्तीचा रकाना मी मुद्दाम सांगितला. एनटीपीचंच घ्या. मायक्रोटिकच्या सहाव्या आवृत्तीत प्रायमरी आणि सेकंडरी अशी दोन वेगळी खणं आहेत, सातव्यात 'सर्व्हर्स' असं एकच. तुमचे काही हेक्स सहावर असतील, काही सातवर. एकच टेंप्लेट सगळ्यांना पाठवलंत तर अर्धे "ही भाषा कळत नाही" म्हणतील. आणि एनटीपी आपल्याकडे शोभेची वस्तू नव्हे. हेक्समध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली-आली की १९७० सालची तारीख लागते, आणि एनटीपी भेटेपर्यंतचे लॉग १९७० चेच. जूनमध्ये गडगडाटाच्या संध्याकाळी आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. तसले लॉग १८० दिवस जपून ऑडिटरला काय दाखवणार?

सगळ्या शाखांनी थेट एनआयसीकडे धाव घ्यायची गरज नाही. निर्देशांत त्या घड्याळांपर्यंत माग लागणारे सर्व्हरही चालतात. फोंड्यातले दोन राउटर एनआयसी-एनपीएलशी जुळवा, शाखा फोंड्याशी. पाठवायचा पहिला बदल हाच ठेवा. यात गडबड झाली तरी शाखा बंद पडत नाही.

आता पाठवणं. अन्सिबल घ्या, राउटरवर काही बसवावं लागत नाही, एसएसएच पुरतं. पण तीन ठिकाणी ते अडवतं, ते आधीच सांगतो.

अन्सिबलच्या सिस्कोसाठीच्या कॉन्फिग मॉड्यूलला ओळ पूर्ण लिहून द्यावी लागते, रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसते तश्शी. ते अक्षर अक्षर ताडून बघतं. आपण सवयीने 'इंट जीआय ०/०' असं तोडून लिहितो. राउटरला कळतं, मॉड्यूलला कळत नाही. मग दर वेळी 'बदल केला' असं पिवळं दाखवतं, प्रत्यक्षात काही बदललेलं नसतं.

मायक्रोटिकवर तर 'अ‍ॅड' ही आज्ञा दोनदा चालवली की फायरवॉलचा नियम दोनदा बसतो. तिसऱ्यांदा चालवा, तीन. आणि आपल्याला पुन्हा चालवावंच लागतं, कारण कुठल्याही वेळी दोन शाखा वीज नाही म्हणून नाहीतर फायबर तुटला म्हणून गायब असतात. म्हणून तिथे नुसत्या आज्ञा पाठवणारं मॉड्यूल न वापरता एपीआयवरून 'अमुक असं असायला हवं' सांगणारं घ्या, एपीआय-मॉडिफाय. आधीच असेल तर ते हात लावत नाही. चेक मोडवरही (न बदलता नुसतं 'काय बदलेल' ते दाखवणारा) तिथेच भरवसा ठेवा, आज्ञा पाठवणाऱ्या मॉड्यूलवर नको.

तिसरं म्हणजे घाई. अन्सिबल मुळात पाच राउटरांवर एकदम हात घालतं. 'सीरियल १' लिहा, म्हणजे एक शाखा पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला शिवणार नाही. पहिली शाखा फोंड्यातलीच घ्या, जिथे चालत जाता येतं.

आणि तुमची वाळपई. सिस्कोवर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करून घ्या, मग 'रीलोड इन १०', मग बदल. सेव्ह करायचं नाही. परत लॉगिन झालं, शाखेतून मुख्य सर्व्हर दिसतोय, तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. लॉगिन झालं नाही तर दहा मिनिटांनी राउटर स्वतःच जुन्या कॉन्फिगवर उठतो, तुम्ही तोवर चहा घ्या. साहेबांनी पाजला तर उत्तमच. मायक्रोटिकला हाताने काम करताना कंट्रोल-एक्सचा सेफ मोड आहे, सेशन तुटलं की बदल मागे घेतो. स्क्रिप्टमधून तो नीट जमत नाही. तिथे आधी बॅकअप घ्यायचा, दहा मिनिटांनी तोच बॅकअप परत चढवणारा शेड्युलर ठेवायचा, मग बदल करायचा, आणि सगळं ठीक दिसलं की शेड्युलर काढून टाकायचा. बॅकअप चढला की राउटर रीबूट होतो हे लक्षात ठेवा, आणि आधी टेबलावरच्या सुट्या हेक्सवर करून बघा.

अ‍ॅक्सेस लिस्टचं (कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं त्याची यादी) तेवढं सांगून थांबतो, कारण दूरवरची शाखा तोडायचा हा सगळ्यात जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. जुनी लिस्ट पुसून त्याच नावाने नवी लिहायला घ्यायची. पुसली तेव्हा काही होत नाही, कारण इंटरफेसला लावलेली लिस्ट अस्तित्वातच नसेल तर सिस्को सगळं सोडतो. नवी पहिली 'परमिट' ओळ जाते. त्या क्षणी लिस्ट जन्माला येते, तिच्या तळाशी न दिसणारं 'डिनाय' असतं, आणि तुमचं स्वतःचं एसएसएच त्यात अडकतं. उरलेल्या ओळी पोचतच नाहीत. म्हणून नवी लिस्ट नव्या नावाने पूर्ण लिहायची आणि शेवटी इंटरफेसवर एका ओळीत नाव बदलायचं. अन्सिबल असो की हात, नियम तोच.

वेर्ण्याची_दुपार, वेर्णा

बार्देशी म्हणतात ते बरोबर, पण एसएसएचवरून स्क्रीन वाचत बसणं हे मला २०२० नंतर कुणाला सुचवावंसं वाटत नाही. २००२ साली इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्यांना एकत्र बोलावून विचारलं होतं की तुम्हाला काय हवं. ते सगळं आरएफसी (इंटरनेटच्या मानकांची कागदपत्रं) ३५३५ मध्ये आहे. त्यातूनच पुढे नेटकॉन्फ (कॉन्फिग वाचायची-बदलायची प्रमाण पद्धत) आलं, आधी २००६ मध्ये, मग सुधारून २०११ मध्ये आरएफसी ६२४१. वेगळा पोर्ट ८३०, कॉन्फिग एक्सएमएलमध्ये, आणि मुख्य म्हणजे 'कन्फर्म्ड कमिट' : ठरलेल्या वेळात पक्कं केलं नाही तर बदल आपोआप मागे. आमच्या कारखान्यात जुनिपर कंपनीची उपकरणं आहेत, त्यांवर हे अंगभूत आहे. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटलं की दहा मिनिटं मिळतात. रीलोडची भानगड नाही, लाईन चालू असताना काही तुटत नाही. नवे राउटर घ्याल तेव्हा हे बघून घ्या.

बार्देशी_पॅकेट, म्हापसा

वेर्णेकर, तुमचं सगळं मान्य. पण मायक्रोटिकला नेटकॉन्फ येत नाही, आणि १९४१ वर जुनं आयओएस आहे, त्यावर यांग मॉडेलं (नेटकॉन्फसाठी कॉन्फिगचे आराखडे) नाहीत. अंत्रुजींकडे ते चालेल फक्त त्या दोन-चार ११०० वर. चार राउटरांसाठी वेगळा संसार का थाटायचा? जुने बदलतील तेव्हा बदलतील. साहेबांचा चहा बघता तेही लांबच आहे.

तसं सिस्कोवरही रीलोडशिवाय मागे येता येतं. 'आर्काइव्ह' चालू करून ठेवलं असेल तर 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०', आणि ठीक वाटलं की 'कॉन्फिगर कन्फर्म'. मी रीलोड आधी सांगितलं कारण ते काहीही तयारी नसलेल्या राउटरवर चालतं.

चोर्ल्यापलीकडे, बेळगाव

मी अन्सिबलवाला नाही. पायथन येतंय ना, मग नेटमिको (राउटरवर लॉगिन करून आज्ञा देणारी पायथन लायब्ररी) घ्या, शाखा वाढल्या की वर नॉरनिर (अनेक राउटर एकदम हाताळणारी). अन्सिबल लिहायच्या याम्लमध्ये लूप आणि अटी लिहिताना जी कसरत होते ती पाहिली की मला दया येते. पायथनमध्ये चुकलं तर ब्रेकपॉइंट लावून बघता येतं. तरीही अन्सिबलच घेणार असाल आणि मायक्रोटिकला एसएसएचने जाणार असाल, तर युजरनेमच्या शेवटी प्लस चिन्ह देऊन सीईटी१०२४डब्ल्यू (cet1024w) जोडा. त्याने रंग बंद होतात आणि ओळी लांब राहतात. नाहीतर प्रॉम्प्ट ओळखताना ते अडून बसतं आणि तुम्हाला वाटतं पासवर्ड चुकला.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. ऑक्सिडाइज्ड तुम्हाला काय बदललं आणि साधारण कधी ते सांगेल. कुणी बदललं ते नाही सांगणार. सध्या तुम्ही आणि कंत्राटदाराचा माणूस एकच 'अ‍ॅडमिन' वापरता ना? तिथेच घोडं अडलंय. प्रत्येकाला वेगळं नाव द्या. सिस्कोवर टॅकॅक्स प्लस (लॉगिन आणि आज्ञा एका जागी तपासणारी सोय) लावा, कुणी कुठली आज्ञा दिली त्याची ओळ न ओळ नोंद राहते. मायक्रोटिकला टॅकॅक्स नाही, लॉगिनसाठी रेडियस आहे. पण त्याच्या सिस्टीम लॉगमध्ये 'अमक्याने नियम घातला' एवढं नावानिशी येतं, ते दूरच्या सिस्लॉग (लॉग गोळा करणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा. तोच सर्व्हर तुमचे १८० दिवसही सांभाळेल. ऑटोमेशनचंही वेगळं खातं ठेवा, आणि मायक्रोटिकवर त्या खात्याला फक्त फोंड्याच्या आयपीवरूनच येऊ द्या.

अंत्रुजी, फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या पीसीवर ऑक्सिडाइज्ड उभं केलं. चार राउटर आत घेईचनात. तिथे एसएसएचच बंद, नुसतं टेलनेट (जुनं, असुरक्षित लॉगिन). एसएसएच चालू करायचं काम आधी केलं.

आणि पहिल्याच फेरीत जे वर आलं ते असं : दोन शाखांत एसएनएमपीची (राउटरवर दुरून देखरेख) कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्डच, अजून 'पब्लिक'. सांगेच्या हेक्सवर, कंत्राटदार सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं पूर्ण हक्कांसह जिवंत. मडगावच्या दोन शाखांचं कॉन्फिग तंतोतंत एक, राउटरचं नावसुद्धा तेच, म्हणजे कुणीतरी चिकटवून ठेवलंय. एनटीपी खरोखर लागलेल्या शाखा निम्म्याहून कमी. साहेबांना दाखवलं. या वेळी चहाबरोबर सामोसा आला आणि टॅकॅक्ससाठी एक सर्व्हर मंजूर झाला.

दोन शंका. कंत्राटदार म्हणतो वेगळं खातं नको, आमची माणसं बदलत असतात. आणि ऑडिटरला गिट कसं दाखवायचं? त्यांना कागद लागतो.

चोर्ल्यापलीकडे, बेळगाव

माणसं बदलतात म्हणूनच वेगळं खातं. येणाऱ्याचं उघडा, जाणाऱ्याचं बंद करा. टॅकॅक्स आला की हे एका जागी दोन मिनिटांचं काम आहे, शाखा शाखा फिरायला नको. ऐकत नसेल तर बदल करायचा हक्कच काढा, नुसतं बघायचं खातं द्या. सांगेचं ते खातं आजच बंद केलंत ना?

बार्देशी_पॅकेट, म्हापसा

कागदाचं सोपं आहे. गिट लॉग शाखेच्या नावाने गाळून पीडीएफ करा, त्यात तारीख आणि बदललेल्या ओळी दोन्ही येतात. त्याला जोडून एक तक्ता : प्रत्येक राउटरच्या आजच्या कॉन्फिगमध्ये एनटीपीची ओळ आहे की नाही, सिस्लॉगची आहे की नाही. पायथनच्या वीस ओळींत होतं, बेळगावकर मदत करतील. नुसती ओळ असून भागत नाही हेही बघा. घड्याळ खरंच जुळलंय का ते सिस्कोवर 'शो एनटीपी स्टेटस'मध्ये 'सिंक्रोनाइज्ड' दिसलं तरच धरा. फायरवॉलने एनटीपीचा पोर्ट यूडीपी १२३ अडवला असेल तर कॉन्फिग गोरंगोमटं आणि घड्याळ १९७० मध्येच.

मडगावची ती जुळी भावंडं मात्र पाठवण्याच्या यादीतून तूर्त बाहेर ठेवा. दोघांचा सबनेटही एकच असेल तर टेंप्लेट लावल्याबरोबर एक शाखा गायब होईल. आधी एकाचा पत्ता बदला, तोही शाखा बंद झाल्यावर संध्याकाळी, आणि तिथे कुणीतरी उभं असताना. तिथले प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र यांना हाताने आयपी दिलेले असतात, ते कुणाच्याच यादीत नसतात. चवथीच्या आठवड्यात करू नका, शाखेत किल्ली उघडायलाही माणूस मिळायचा नाही.

अंत्रुजी, फोंडा

सांगेचं खातं त्याच दिवशी उडवलं. एनटीपीचं टेंप्लेट सहाव्या आणि सातव्या आवृत्तीसाठी वेगवेगळं केलंय, सुट्या हेक्सवर दोन्ही चालली. या शनिवारी फोंड्याच्या बाजारातल्या शाखेवर पाठवतो, 'सीरियल १' लावून. मडगावला पुढच्या आठवड्यात स्वतः जातोय, प्रिंटरचे आयपी लिहून आणायला.